तक्रारदार : वडील

बुधवारी सकाळी मुलाच्या बुटांच्या नाड्यांत मला कुसळं सापडली आणि माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला.

मी दत्तप्रसाद. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं वनखात्यात काढली आणि रेंजर म्हणून निवृत्त झालो. त्यातली चौदा वर्षं एका दुष्काळी तालुक्यातल्या माळरानावर काळवीट राखण्यात गेली. माणूस खरं सांगतोय की थापा मारतोय, हे त्याच्या चपलांकडे बघून ओळखायचं हेच माझं काम होतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल, नारळ दिला, पण ही सवय काही परत मागितली नाही.

सध्या तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला मुलाकडे आलोय. शार्दूल शेतीच्या पाण्याचा इंजिनिअर आहे, सून मयूरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. दोघं सकाळी सातला आपापल्या गाड्या घेऊन निघून जातात. इथे बस नवसाने येते, त्यामुळे गाडी न चालवणारा माणूस ठेवाल तिथे बसून राहतो. आणि बसून राहिलेल्या माणसाला फार दिसतं.

तर कुसळं. यांच्या लॉनला कुसळं येत नाहीत, दर रविवारी शार्दूल त्याची हजामत करतो. ही कुसळं उंच, कोरड्या, मोकळ्या माळावरच्या गवताची होती. अशा गवतात माणूस रस्त्याने चालत नाही, वाकून चालतो, तेव्हाच ती नाडीच्या वरच्या घरापर्यंत चढतात.

"कुठे गेला होतास रे?" मी विचारलं.

"साइटवर, बाबा."

"कुठली साइट?"

"आहे अशीच एक. वेस्टला." आणि साहेब टोस्ट खायला लागले.

हा मुलगा एरवी पंप कुठल्या कंपनीचा, पाइप किती इंची, हे न विचारता सांगतो. मला झोप येईस्तोवर सांगतो. त्याने साइटचं नाव खाल्लं, तिथेच मी मनात पहिली नोंद केली.

दुसरी नोंद दोन तासांत झाली. मयूराची त्या दिवशी सुट्टी होती. ती कपडे धुवायला गेली आणि तिथूनच फोनवर नवऱ्याला ओरडली, "अरे, हे कसलं डिटर्जंट आणलंयस? याला वासच नाहीये!" मग पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली गेला. "ओके. ओके, कळलं. नाही, बाबा बाहेर आहेत."

बाबा बाहेर नव्हते. बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. ज्या माणसाला आपल्या अंगाला वास नको असतो, तो माणसांत जाणार नसतो. माणसं वासाचं काय करणार? तो नाक असलेल्या कोणाकडे तरी जाणार असतो. आमच्याकडचे शिकारी आदल्या दिवशी साबण लावायचे नाहीत, इथे वास नसलेला साबण दुकानात मिळतो, एवढाच फरक.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला शार्दूल मागच्या अंगणात गेला. खिशातून छोटी प्लॅस्टिकची बाटली काढली आणि दाबली. पांढरी पावडर फुस्सकन उडाली. ती कुठे जाते ते तो मान वळवून बघत राहिला. परत दाबली, परत बघितलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि बाहेर गेलो.

"काय चाललंय?"

"काही नाही. वारा बघतोय. स्प्रिंकलरसाठी."

"स्प्रिंकलरला वारा लागतो?"

"लागतो ना, बाबा. ड्रिफ्ट होतं पाणी." माझ्या डोळ्यांत न बघता त्याने बाटली खिशात टाकली.

वारा बघायला मीच त्याला शिकवलं होतं. तो सात वर्षांचा असताना माळावर चिमूटभर माती हवेत सोडून दाखवली होती आणि सांगितलं होतं की कळपाच्या नाकाखालून जायचं असेल तर माती आपल्या तोंडावर आली पाहिजे. तेव्हा आम्ही फक्त बघायला जायचो. दोघं पोटावर पडून, तासन् तास.

एवढ्यात शेजारचा ग्लेन आपली युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन फाटकाशी आला. दाढी पिवळी, पोट पुढे, मनाने चांगला. दोघं बॉनेटवर कोपरं टेकून बोलायला लागले. माझ्या कानावर फक्त "सॅटर्डे", "फर्स्ट लाइट" आणि "वॉटर" एवढेच शब्द आले. मी जवळ गेलो तसं बोलणं थांबलं.

"हाउ यू गोइंग, डॅटा?" ग्लेन म्हणाला.

"गुड, गुड. व्हॉट इज ऑन सॅटर्डे?"

ग्लेनने शार्दूलकडे बघितलं. शार्दूलने ग्लेनकडे बघितलं. "फिशिंग," दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणूनच ते खोटं होतं. शिवाय गॅरेजमध्ये भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट होतं. त्यात काय आहे, असं मी आल्या आल्या विचारलं होतं, तेव्हा "टूल्स" असं उत्तर मिळालं होतं. पान्ह्यांना एवढं मोठं कुलूप घालणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली. माझ्याजवळ मुलाला द्यायला इस्टेट नव्हती, एक नाव होतं. शार्दूल नव्या माणसाशी ओळख करून देताना आजही म्हणतो, "माझे बाबा काळवीट राखायचे." ते ऐकताना माझा ऊर भरून येतो, त्यात लाज कसली? त्याच नावाचा माणूस परक्या देशात चोरून शिकार करताना पकडला गेला, तर माझी एकतीस वर्षं पाण्यात. मला त्याला शनिवारच्या आत थांबवायचं होतं.

गुरुवारी दोघं कामावर गेल्यावर मी त्याच्या अभ्यासाच्या खोलीत शिरलो. कसलाही संकोच वाटला नाही.

नकाशा टेबलावरच होता, वर पाण्याचे कागद टाकून झाकलेला. उपग्रहातून काढलेलं चित्र आणि त्यावर शार्दूलच्या हातच्या खुणा. मोकळं गवताळ मैदान, कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं की ही सरकारी राखीव जमीन आहे. दोन पाणवठे निळ्या गोलात. वाऱ्याचे बाण, सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे. सूर्य कुठून उगवेल, कोण कुठे झोपून राहील, गोळी कुठल्या बाजूला कधीही झाडायची नाही, ते लाल रेघांनी. प्लॅन पक्का होता. फक्त एका जागी तो कोरड्या ओढ्यातून पुढे सरकणार होता आणि पहाटे गार हवा ओढ्यातूनच खाली वाहते, म्हणजे वास सरळ कळपात. माझा हात पेन्सिलीकडे गेला. मी तो मागे घेतला आणि स्वतःलाच एक शिवी दिली.

मग नकाशाखालचा फोटो हातात आला. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने काढलेला, पाणवठ्याचा. मला वाटलं होतं कांगारू असेल, रानडुक्कर असेल. फोटोत काळवीट होता. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची शिंगं, मागे सहा-सात माद्या.

मी खुर्चीत बसलो. हे जनावर इथे कुठून आलं, हे मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की ते माझं आहे. सरकारी जमीन आणि शिकार, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या डोक्यात एकच शब्द उमटतो : गुन्हा. आमच्याकडे पन्नास वर्षांहून जास्त झाली, दुसरा अर्थच नाही. माणूस ज्या कायद्यात वाढला, तोच त्याला निसर्गाचा नियम वाटायला लागतो.

नकाशाच्या कडेला एक फोन नंबर होता. समोर लिहिलं होतं, 'रेंजर – किम'.

आता कोणी म्हणेल, चोर कधी पोलिसाचा नंबर लिहून ठेवतो का? ठेवतो. आमच्याकडच्या प्रत्येक शिकाऱ्याला गार्ड कधी जेवतो, कधी फेरीला निघतो, त्याच्या बायकोचं माहेर कुठलं, सगळं पाठ असायचं. राखणाऱ्याची माहिती काढल्याशिवाय कोणी कुंपण ओलांडत नाही. उलट त्या नंबराने माझी उरलीसुरली शंकाही गेली.

मी फोन उचलला. माझं इंग्रजी सरकारी आहे, पण काम भागतं. मी त्या बाईला सांगितलं की मी भारतातला निवृत्त वनाधिकारी आहे, शनिवारी पहाटे तुमच्या राखीव जमिनीवर शिकार होणार आहे, माझ्याजवळ नकाशा आणि फोटो आहे.

"नाव सांगाल का, सर?" किमने विचारलं.

मी मुलाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, पत्ता, गाडीचा नंबर.

"त्यांच्याकडे परवानगी आहे की नाही, हे मला फोनवर सांगता येणार नाही. प्रायव्हसी आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही तक्रार करताय, तर मला ती लिहून घ्यावी लागेल. एकदा लिहिली की मी ती पुसू शकत नाही. चालेल?"

"अर्थात!" मी म्हणालो. मला ती बाई एकदम आवडली. असे अधिकारी हवेत.

"तुमचं त्यांच्याशी नातं?"

"फादर," मी सांगितलं आणि फोन ठेवला.

मी काय विचार केला होता, तेही सांगतो. शनिवारच्या आधी रेंजर त्याला दम देईल, तो घाबरेल, बेत रद्द होईल, बंदुकीला हात लागणार नाही. मुलगा वाचेल, जनावर वाचेल, नाव वाचेल. तिन्ही वाचवायचा यापेक्षा सोपा मार्ग मला तरी सुचला नाही.

शुक्रवारी अडीचलाच शार्दूलची गाडी आली. मयूराही लवकर परतली होती, चहा टाकत होती. तो आत आला, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसला.

"बाबा, किमला फोन तुम्ही केलात?"

"केला."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. तू स्प्रिंकलर म्हणालास."

मयूराने गॅस बंद केला. "मी म्हणत होते तुला, बाबांना सांगून टाक म्हणून," ती त्याला म्हणाली.

शार्दूलने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग शांतपणे बोलायला लागला, आणि ते शांत बोलणंच मला जास्त लागलं. "ते लीगल आहे, बाबा. टोटली लीगल. काळवीट इथले नाहीत, कोणीतरी खूप वर्षांपूर्वी आणून सोडलेत. इथे ते पेस्ट आहेत, उपद्रवी प्राणी. त्या रिझर्व्हचं गवत संपवतायत, म्हणून आमच्या क्लबला परमिट आहे. किम स्वतः तिथे असणार होती. मी आठ महिने ट्रेनिंग केलंय. तो प्लॅन मी बनवून तिलाच पाठवला होता, तिने ॲप्रूव्ह केलाय. म्हणून तिचा नंबर होता तिथे."

माझ्या कानातून वाफा निघाल्या. एकतीस वर्षांचं नाक आणि हा निकाल.

"मग लपवलंस कशाला?" मी आवाज चढवला. चूक आपली असली की माझा आवाज आपोआप चढतो. "आणि ते आपल्याकडचे आहेत रे!"

"आपल्याकडचे म्हणून इथलं कुरण फुकट चरायची सूट आहे का त्यांना? लपवलं, कारण तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही परत गेल्यावर करणार होतो. डेट क्लबने ठरवली."

"आता काय होईल?"

"तक्रार आलीय म्हणजे चौकशी होईपर्यंत मी लिस्टवर नाही. लायसन्सही बघतील. होईल क्लिअर, नो वरीज. लागतील चार-सहा आठवडे."

"मी आत्ता फोन करतो त्या बाईला. चूक झाली म्हणून सांगतो."

"नको, बाबा." त्याने माझ्या हाताजवळचा फोन बाजूला सरकवला. "खरं सांगू? किमने 'तक्रारदार : वडील' असं वाचून दाखवलं ना, तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं."

"बरं?"

"तुम्ही सख्ख्या मुलाला सोडलं नाहीत. निदान या वेळी तरी."

मयूरा जागच्या जागी उभी राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला माहीत होतं. तरी मी वेड पांघरलं आणि विचारलं, "या वेळी म्हणजे?"

"मी होतो ना तिथे. शाळा सुटल्यावर तुमच्या ऑफिसात यायचो मी. जीप आली तेव्हा मी पायरीवरच बसलो होतो."

एकोणीसशे शहाण्णवचा मार्च. तालुक्यातल्या एका बड्या बागायतदार पुढाऱ्याच्या भाच्याला माझ्या माणसांनी जीपसकट पकडून आणलं होतं. जीपमध्ये बंदूक होती आणि मारलेलं काळवीट. मी पंचनामा लिहायला बसलो. पंचनामा म्हणजे जे दिसलं ते लिहून काढायचं आणि दोन साक्षीदारांच्या, म्हणजे पंचांच्या, खाली सह्या घ्यायच्या. मी सगळं लिहिलं. मध्येच एक फोन आला. फोनवर कोणी धमकी दिली नाही, खूप गोड आवाजात फक्त विचारलं की मुलाला आता पुण्यातली चांगली शाळा हवी असेल ना, बदलीचे तुमचे तीन अर्ज पडून आहेत म्हणे. मी पंचांना घरी पाठवलं आणि सह्यांची जागा कोरी ठेवली. सह्या नसलेला पंचनामा कोर्टात दोन मिनिटं टिकत नाही. हे मला माहीत होतं आणि त्या गोड आवाजालाही.

जूनमध्ये आम्ही पुण्याला आलो. मेधाला, माझ्या बायकोला, मी सांगितलं की खात्याने अखेर ऐकलं. तिने आळीत पेढे वाटले. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तोपर्यंत तिचा तोच समज होता.

"तू कधी बोलला नाहीस," मी म्हणालो.

"काय बोलणार? ज्या शाळेत गेलो ती त्यातूनच मिळाली. त्या शाळेने मला इथपर्यंत आणलं." त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी सगळ्यांना सांगत आलो, माझे बाबा काळवीट राखायचे. दर वेळी सांगताना तुमच्याकडे बघायचो. वाटायचं, आता तरी म्हणतील, अरे, एकदा नाही राखला."

मी त्या बघण्याला अभिमान समजत होतो. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला मी, पण घरात माझ्यावर नजर ठेवणारा माणूस मला दिसला नाही. मी उठून माझ्या खोलीत गेलो, आणि लहान मुलासारखा रडलो. मयूराने चहा दाराबाहेर ठेवला, तो तिथेच गार झाला.

शनिवारी उजाडल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ग्लेनची युट शेजारच्या घरापुढे नव्हती, तो एकटाच गेला होता. मी आधी किमला पत्र लिहिलं. काय पाहिलं, काय गृहीत धरलं, आणि माझ्या देशाच्या कायद्याचा चष्मा लावून मी तिच्या देशाकडे कसं बघितलं, ते सगळं. माफीची एक ओळ, जास्त नाही. तिने तक्रार पुसायची नाही, त्याखाली फक्त हे पत्र जोडायचं, अशी विनंती.

मग दुसरा कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहायला लागलो. मजकूर हाताला पाठ होता. तारीख, वेळ, जीपचा नंबर, बंदुकीचं वर्णन. त्या भाच्याचं पूर्ण नाव, जे मी एकोणतीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. फोन आला, कोणाचा, काय बोलणं झालं, पंचांना मी परत का पाठवलं. खाली माझी सही आणि हुद्दा, आणि पंचांच्या सह्यांसाठी दोन कोऱ्या जागा. या कागदाने आता कोणाचं काही वाकडं होणार नाही, हे मला समजत होतं. तरी लिहिला.

शार्दूल उठून आला. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. कायद्याने तुझी सही चालली नसती," मी म्हणालो. "आता चालेल. पण वाचून मगच कर."

तो उभ्या उभ्या वाचायला लागला. मग बसला. अर्ध्यावर आल्यावर त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाबा, इथे 'एक काळवीट, पूर्ण वाढीचा नर' लिहिलंय."

"हो. मोठा होता चांगला. काळाभोर. मला आजही दिसतो."

"शिंगं नव्हती, बाबा."

मी वाकून ती ओळ परत वाचली.

"ती मादी होती," तो म्हणाला. "आचळांतून दूध गळत होतं, जीपच्या पत्र्यावर. मी तुम्हाला विचारलं होतं, हिचं पाडस कुठे असेल? तुम्ही म्हणालात, घरी जा."

मग मला दिसलं. पिवळसर पाठ, पत्र्यावरचं पांढरं ओघळलेलं दूध, आणि पायरीवरून उठून आलेला, दप्तर पाठीवर असलेला माझा मुलगा. इतकी वर्षं मी स्वतःला एक मोठा काळा नर दाखवत आलो होतो, कारण त्याच्यामागे कोणी भुकेलं राहत नव्हतं.

मी पेन घेतलं. 'नर' खोडून वर 'मादी, नुकतीच व्यालेली' असं लिहिलं आणि दुरुस्तीपाशी सही केली. मग त्याखाली आणखी एक ओळ घातली : 'पाडसाचा शोध घेतला नाही.'

शार्दूलने ती ओळ वाचली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पंच क्रमांक एकच्या जागेवर सही केली.